नेफ्यातून आलेला पडदा

पहिला पाऊस पडला की नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या घराघरांत दोन कामं निघतात. खिडकीतला कूलर उतरवायचा आणि त्या खिडकीचा पडदा खाली सोडायचा. मार्चमध्ये कूलर बसवताना मी तो पडदा वर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरलेला असतो. कूलरच्या तोंडावर कापड आलं तर हवा अडते, शिवाय तुषारांनी भिजून त्यावर पिवळे डाग पडतात. यंदा टाके उसवले आणि कापड उजेडात धरलं, तर त्यात सुईच्या बारीक भोकांच्या चार ओळी दिसल्या. एक माझी, या मार्चची. बाकीच्या तीन आईच्या.

त्या ओळी मला वाचता येतात. सगळ्यांत खालची ओळ जुन्या वस्तीतल्या भाड्याच्या खोलीची. तिथे हा पडदा सात फुटी दाराला होता. तिच्या वीतभर वरची दुसऱ्या घराची, तिथलं दार बुटकं होतं. तिसरी या घराच्या खिडकीची. इतक्या वेळा पडदा लहान झाला, पण आईनं त्याला एकदाही कैची लावली नाही. जास्तीचं कापड आतल्या आत दुमडून ठेवलं. मी शिवायला शिकत होते तेव्हा ती सारखी सांगायची, ‘‘कापू नको वं, दुमड. कापलं का गेलं.’’

हा पडदा आपल्या घरात आला कुठून, हे शोधायला मी त्या भोकांमुळेच लागले. नाव एका दिशेनं आलं, कापड दुसऱ्या आणि शिवण तिसऱ्याच, असं हळूहळू लक्षात आलं. त्यातली शिवण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

नावाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. पडदा हा शब्द फारसी ‘पर्दा’वरून आला. दरबार, जनाना, गोषा, पडदानशीन या सगळ्या गोतावळ्याबरोबर तो मराठीत उतरला आणि इथलाच झाला. त्याच्या आधी आपल्याकडे झाकायला कापड नव्हतं असं मात्र नाही. अमरकोशात प्रतिसीरा, जवनिका, तिरस्करिणी ही नावं एका ओळीला बसलेली आहेत. जवनिका नाटकात गेली आणि पुस्तकातच राहिली. व्यवहारात टिकला तो अंतरपाट. नवरा-नवरीच्या मध्ये धरतात त्या कापडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं असतं, मंगलाष्टकं संपली की ते बाजूला होतं. घरच्या माणसांनी हातानं धरलेला पडदाच तो, नुसता त्याला दांडा नाही. पुढे नाटकमंडळ्यांनी पडद्याला मोठा मान दिला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत होते आणि त्यातले बाबूराव पुढे चित्रपटाच्या पडद्याकडे गेले. पण हा सगळा दिवाणखान्याबाहेरचा पडदा झाला.

खिडकीवरच्या आवरणाला आपला स्वतःचा शब्द आहे, तो म्हणजे ताटी. काटक्या, बांबू, गवत विणून केलेलं हलकं दार किंवा आडोसा. ज्ञानेश्वर रुसून ताटी लावून बसले आणि मुक्ताबाईनं ती उघडायला विनवलं, ती हीच ताटी. तिच्या त्या अभंगांचं नावच ताटीचे अभंग. विदर्भात हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे याचा मला फार आनंद होतो. पूर्वी उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायचे आणि त्यांवर पाणी शिंपडायचे. गरम वारा ओल्या मुळ्यांतून गाळून आत येताना थंड व्हायचा, घरभर वाळ्याचा वास पसरायचा. कूलर आला तेव्हा त्याच ताट्या लोखंडी चौकटीत गेल्या. बाजारात आजही माणूस ‘कूलरच्या ताट्या’च मागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या मुलखात खिडकीचं आवरण हे शोभेच्या आधी जीव वाचवायचं साधन होतं, आणि ते कापडाचं नव्हतं.

कापड नव्हतं, कारण झाकण्यासारखी खिडकीच नव्हती. जुन्या वस्तीतली मातीच्या जाड भिंतींची घरं पाहिली की हे कळतं. भिंत हातभर रुंद, खिडकी मात्र एवढीशी, लाकडी गजांची, आतून दोन झडपा. झळ आली की झडप लावली, सांज झाली की उघडली. खिडकी या शब्दाचं मूळही सांगण्यासारखं आहे. संस्कृतात खडक्किका म्हणजे बाजूचं छोटं दार. मोठ्या दरवाज्यातली माणूस वाकून जाईल एवढी वाट, तीही खिडकीच. म्हणजे आपली खिडकी मुळात ये-जा करायची होती, बसून बाहेर बघायची नंतर झाली. आणि काच? तिला आपण तावदान म्हणतो. तेही फारसीच, ‘ताब’ म्हणजे उजेड, ‘दान’ म्हणजे ठेवायची जागा. उजेडाचं भांडं. पडद्याला खरं काम मिळालं ते या तावदानानं. लाकडी झडप लावली की ऊन आणि नजर दोन्ही थांबतात. काचेतून दोन्ही आत येतात.

काचेच्या मोठ्या खिडक्या आधी नागपूरच्या बंगल्यांत आल्या. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांची घरं उभी राहिली. तिथे पडदे होते, बांबूच्या कामट्यांच्या चिका होत्या, पंखे ओढणारी माणसं होती. कळमेश्वर तिथून वीस-बावीस किलोमीटरच, पण त्या पडद्याला इथवर यायला फार वर्षं लागली. १९२०च्या दशकात नागपूर-इटारसी लोहमार्ग झाला आणि गावाला स्टेशन मिळालं. पुढे एमआयडीसी आली. कामगारांची, नोकरदारांची विटा-सिमेंटची घरं एकमेकांसमोर उभी राहिली. पातळ भिंती, चार बाय चारच्या खिडक्या, लोखंडी गज, काचेची तावदानं, आणि समोर दहा फुटांवर दुसऱ्याची तशीच खिडकी. माझ्या मते कळमेश्वरच्या घरगुती पडद्याचा खरा जन्म या दहा फुटांत झाला. समोरच्या घरातल्या काकूंना आपण जेवताना दिसू नये, एवढंच त्याच्याकडून मागणं होतं.

म्हणून तो अर्धा होता. माझ्या पिढीला हा अर्धा पडदा आठवत असेल. खिडकीला वरच्या झडपा वेगळ्या, खालच्या वेगळ्या. पडदा फक्त खालच्या अर्ध्या भागाला. वरून वारा, उजेड, आकाश सगळं यायचं आणि बसलेल्या माणसाची आब राखली जायची. कापड निम्मं लागायचं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना स्क्रूचे हुक, त्यांत ताणून अडकवलेली प्लास्टिकच्या वेष्टणाची बारीक स्प्रिंग आणि तिच्यात ओवलेला पडदा. काही वर्षांनी स्प्रिंग सैल व्हायची आणि पडदा मधोमध झोळासारखा लोंबायचा. मग स्प्रिंग दोन बोटं कापून पुन्हा हुक लावायचा. आमच्याकडे दर दिवाळीला हे काम असे.

आता कापडाकडे येते. या मुलखात कापूस पिकतो, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापसाच्या शेताजवळच गिरणी हवी या विचारानं. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तो तोच दिवस, गिरणीचं नाव त्यावरून. सव्वाशे वर्षं तिच्या भोंग्यावर नागपूरचं घड्याळ चाललं. २००२मध्ये ती बंद झाली. हातमागावर नागपूर-उमरेडचे कोष्टी धोतरं-लुगडी विणत होते. पण घराच्या खिडकीसाठी मुद्दाम कापड विणावं, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पडद्याला मिळायचं ते उरलेलं, विटलेलं, बाद झालेलं.

नवं कापड आणायचंच झालं तर नागपूरच्या गांधीबागेतून किंवा इतवारीतून केसमेंट यायचं. साधं, सुती, जाडसर, भरतकामालाही चालणारं. माझी आई, तिच्या मैत्रिणी, शिवण क्लासच्या बाई सगळ्या ‘केसमेंट’ म्हणायच्या. इंग्रजीत केसमेंट म्हणजे बिजागरीवर उघडणारी खिडकी, हे मला फार उशिरा कळलं. त्या खिडकीच्या पडद्यांचं म्हणून त्या कापडाला ते नाव पडलं. खिडकी कापडाच्या नावातच होती आणि आम्ही त्याच्या उशांच्या खोळी शिवत होतो.

चीट या कापडाची कथा तर याहून लांबची. ठशांनी छापलेली, फुलांची आपली चीट समुद्र ओलांडून गेली आणि इंग्रजांनी तिला ‘चिंट्झ’ म्हटलं. तिथल्या घरांत बिछान्याचे आणि खिडक्यांचे पडदे चिटाचे होऊ लागले. लोकर-रेशीम विणणाऱ्यांनी इतकी ओरड केली की १७०० मध्ये कायद्यानं छापील सुती मालाची आयात अडवली, आणि १७२१च्या कायद्यानं तर असं कापड अंगावर घालायला आणि घरसजावटीत वापरायलाही मनाई झाली. आपल्या कोष्ट्यांच्या, रंगाऱ्यांच्या हातच्या कामाची एवढी भीती! पुढे तिथल्या गिरण्यांनी तीच फुलं यंत्रावर छापली आणि बंगल्यांतल्या पडद्यांच्या रूपानं ती परत इकडे आली. आपल्या आज्यांना ती विलायती वाटली. हे वाचल्यापासून बाजारात फुलाफुलांचं पडद्याचं कापड दिसलं की मी ते हातात घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

आता शिवण. मी सुरुवातीला मानत होते की बंगल्यातल्या पडद्याची नक्कल करून आपल्या बायकांनी पडदे शिवले. हातात उसवलेला पडदा घेऊन बसल्यावर ते पटेना. बंगल्यातला पडदा लाकडी दांड्यावर कड्यांनी टांगलेला, वर चुण्या घातलेला, आत अस्तर लावलेला असे. तो शिंपी शिवायचा. आईच्या पडद्याला यातलं काहीच नाही. वर एक नेफा, खाली दुमड, दोन्ही बाजूंना काठ तसेच सोडलेले. आणि अशी रचना असलेली एक वस्तू प्रत्येक घरात आधीपासून शिवली जात होती. परकर.

नेफा म्हणजे परकराची नाडी ओवायची पोकळ पट्टी. शब्द फारसीच, पण शिवणारा हात इथला. मुलगी शिवायला शिकायची ती परकरापासून, कारण त्यात सरळ टिपाच असतात: वर नेफा, खाली पट्टी, वाढत्या अंगासाठी आत दुमडून ठेवलेलं दोन बोटं कापड, गरज पडेल तसं सोडायचं. आता परकर न जोडता उघडा पसरा, नाडीच्या जागी स्प्रिंग ओवा. पडदा झाला. ज्या बाईनं कधी बंगला पाहिला नाही तिला पडदा कसा शिवायचा हे कुणी शिकवावं लागलं नाही, याचं कारण हेच. नाव दरबारातून आलं असेल, पण आपल्या घरचा पडदा परकराच्या कुळातला आहे, असं मी ठामपणे म्हणते.

शिवणयंत्रानं या कामाला वेग दिला. आयझॅक सिंगरनं १८५१मध्ये पेटंट घेतलं. १९३०च्या दशकात कोलकात्याची जय इंजिनिअरिंग कंपनी देशी मशीन बनवू लागली आणि ‘उषा’ हे नाव घराघरात गेलं. यंत्रांवर इतकी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४मध्ये एका विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. आमच्याकडे हातमशीन होतं, नंतर त्याला पाय बसवले. बाळंतविडा, झबली, परकर, पिशव्या या सगळ्यांतून वेळ उरला की पडदे.

आणि कापड म्हणून साडी. साडीचा पडदा ही गरिबीची खूण, असं काही जण मानतात. मला तसं कधीच वाटलं नाही, कारण साडीत पडद्याचं गणित आधीच सोडवलेलं असतं. साडी साडेपाच मीटर लांब, पन्हा साधारण एकशे दहा सेंटिमीटर. दोन्ही कडांना काठ, म्हणजे बाजूची शिवण वाचली. चार फुटांच्या खिडकीला चुण्या नीट पडायला पावणेदोन ते दोनपट रुंदी लागते. एकशे बावीसच्या खिडकीला दोन पन्हे मिळून दोनशे वीस झाले, बरोबर बसतं. दाराचा सात फुटी पडदा हवा तर एका साडीत दोन निघतात, नेफा-दुमड धरून, आणि शेवटी अर्धा-पाऊण मीटर उरतं, त्याचे बांधायचे पट्टे. पदराचा भाग खाली घेतला तर पडद्याला आपोआप किनार येते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला आजीची जांभळी साडी कितीतरी वर्षं होती. संध्याकाळच्या उन्हात तिच्यातून जांभळा उजेड ओट्यावर पडायचा.

पन्हा या शब्दाशी माझं जुनं नातं आहे. तोही फारसी, अर्थ रुंदी. मापं मात्र मध्येच बदलली. १९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि १९६२पर्यंत व्यवहारात सक्तीची झाली. वारानं मोजलं जाणारं कापड मीटरनं मिळू लागलं. आई मात्र शेवटपर्यंत कापड मीटरनं घ्यायची, खिडकी फुटानं मोजायची आणि दुमड बोटांनी धरायची. तिन्ही मापं तिच्या हातात एकत्र नांदत. मीही तसंच करते.

हातानं पडदा करताना जे सांभाळावं लागतं ते मी चुकून शिकले आहे. एकदा शहरातल्या एका दुकानातून सुती कापडाचे पडदे शिवून आणले. पहिल्याच धुण्यात ते चार बोटं आखडले आणि जमिनीपासून वर राहिले. खाली सोडायला दुमडच नव्हती, अर्ध्या इंचाची पट्टी मारून मोकळे झाले होते. तेव्हापासून कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवते, सावलीत वाळवते, मगच हात लावते. सुती कापड शंभराला तीन-चार आखडतंच. सात फुटांच्या पडद्यात तेवढ्यात तीन इंच गेले.

मग कापड सरळ करायचं. कैचीनं कापलेली रेघ डोळ्याला सरळ दिसते, पण धाग्याला सरळ असेलच असं नाही. सुती कापडाच्या काठाला कैचीचा टोचा द्यावा आणि दोन्ही हातांनी फाडावं. कापड स्वतःच आडव्या धाग्यावर फाटत जातं. तो चर्रर्र आवाज मला फार आवडतो. तिरकं कापलेलं कापड टांगल्यावर एका बाजूला ओढ घेतं, मग कितीही इस्त्री करा. काठ घट्ट विणलेला असेल तर त्याला मध्ये मध्ये बारीक चिरा द्याव्यात, नाहीतर बाजू चुणून वर ओढली जाते. खालची दुमड दुहेरी आणि चार बोटांची, म्हणजे वजन येतं आणि वाऱ्यावर पडदा उगाच उडत नाही. ती मी मशीनवर मारत नाही, हातानं तुरपाई करते. मशीनची टीप उसवली की भोकं राहतात; तुरपाईचीही राहतात, पण विरळ.

स्प्रिंग जाऊन स्टीलचे पाइप आले तेव्हा सगळ्या घरांत एक काम निघालं. जुन्या पडद्यांचे नेफे अर्ध्या-पाऊण इंचाचे; इंचभर जाडीचा पाइप त्यांत जाईना. त्याला दोन इंचांचा नेफा लागतो. त्या वर्षी आमच्या गल्लीत दुपारी दारोदार बायका नेफे उसवत बसलेल्या मला आठवतात. कुणी वरचं कापड कमी पडलं म्हणून वेगळ्या रंगाची पट्टी जोडली, कुणी त्यातून झालर काढली. जोडलेल्या पट्ट्या ही त्या काळच्या पडद्यांची ओळखच होऊन बसली होती.

आता रिंगांचे पडदे आले आहेत. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या कड्या कापडात दाबून बसवलेल्या, नेफा नाहीच. त्यांचीही रीत आहे: कड्या नेहमी सम संख्येत, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. पूर्ण उंचीचे, जमिनीपर्यंत, पॉलिस्टरचे. अर्ध्या पडद्याला आता कुणी विचारत नाही. ते तयार मिळतात, ठरावीक उंचीत, आणि घरातल्या खिडक्या काही ठरावीक उंचीच्या नसतात. त्यामुळे पडदे आखूड करून घ्यायचं काम माझ्याकडे येत राहतं. पलीकडच्या ब्राह्मणी गावातूनही बायका पिशव्या घेऊन येतात. ‘‘ताई, खालून फूटभर कापून टाका,’’ म्हणतात. मी विचारते, भाड्याचं घर आहे की स्वतःचं? भाड्याचं असेल तर कापत नाही. पॉलिस्टर हलकं असतं, आत फूटभर दुमड राहिली तरी फुगत नाही. उलट वजनानं छान पडतं.

परवा एक नवी सून आली होती, हातात सासूच्या लग्नातली नारळी काठाची साडी. ती पडद्याला द्यावी की नाही, यावर घरात दोन मतं होती. सासूबाईच म्हणाल्या होत्या, पेटीत कसर लागून जाईल त्यापेक्षा खिडकीत राहू दे. मी तिला साडी फाडू दिली नाही. दोन ठिकाणी नुसती घडी घालून वर लांब टाक्यांचा नेफा घातला, पाच मीटरला एकही काप न देता तीन झोल केले. उद्या मन बदललं तर दोरा ओढला की पुन्हा साडी.

आईचा पडदा मी अजून पुन्हा अडकवलेला नाही. तो पलंगावर उलगडून पडला आहे, दुमडीतला भाग अजून मूळच्या गर्द पिवळ्या रंगाचा, बाकीचा उन्हानं फिक्का. सगळी दुमड सोडली तर तो पुन्हा सात फूट होतो. मागच्या खोलीचं दार तेवढंच आहे. आज दुपारी लाइट गेले नाहीत तर खाली चार बोटं ठेवून तुरपाई घालते.